उंबऱ्याशी काढलेले जोडे

"घर पेटलंय, आत राक्षस शिरलाय, पोरगं अडकलंय, आणि ही बाई दारात जोडे काय काढत बसलीय, ताई?"

याँग साहेबांनी पडद्याकडे बोट दाखवलं आणि आमचा अख्खा ॲनिमेशन विभाग खो खो हसत सुटला. हसणाऱ्यांत मीही होते, आणि त्या जोड्यांत रंग मीच भरला होता. ते दृश्य आम्ही सगळ्यांनी तपासूनच अमेरिकेला धाडलं होतं. आमच्या सोलमध्ये, अख्ख्या कोरियातच, घरात शिरणारा माणूस जोडे काढतोच, त्यात कुणाला काय खटकणार? खटकलं ते तिकडच्यांना. "आई दारात का थांबते?" एवढाच त्यांचा प्रश्न होता.

मालिका अमेरिकेची, व्हिडिओ गेमवरून घेतलेली; चित्रं तेवढी आम्ही काढायची. लांब जांभळा कोट, हातात साखळीची कुऱ्हाड, केसाची बटही न विस्कटता राक्षस कापत सुटणारा देखणा नायक. त्याच्या लहानपणी राक्षस घर पेटवतात, आई आत धावते, त्याला कपाटात लपवते आणि स्वतः मरते. ते दृश्य ओक-ही ताईंच्या वाट्याला आलं होतं. कोट फडफडवावा तर ताईंनीच, असं आमच्याकडे म्हणायचे. सारी हयात ताईंनी परक्यांचे राक्षस काढण्यात घालवली, आणि नाव यायचं ते शेवटी, मुंगीएवढ्या अक्षरांत. त्याचा राग मला यायचा, त्यांना नाही.

"मग काय बुटांनिशी घरात जायचं?" ताई म्हणाल्या.

"तिकडे जातात, ताई. पलंगावरसुद्धा चढतात."

"घाणेरडे मेले!"

पुन्हा हशा पिकला. तो ओसरल्यावर ताई हलक्या आवाजात म्हणाल्या, "साहेब, एवढे जोडे राहू द्या. बाकी काय हवं ते बदला."

याँग साहेब ताईंच्याच हाताखाली शिकलेले. त्यांचा चेहरा पडला. "माझ्या हातात असतं तर तुम्हाला सांगावं लागलं असतं का, ताई? संध्याकाळपर्यंत द्याल?"

ताईंनी मान हलवली. आजवर कुठल्याही चित्रासाठी त्यांनी कुणाकडे शब्द टाकलेला मला आठवत नव्हता. जेवताना मला राहवलं नाही.

"ताई, त्या जोड्यांचं काय एवढं?"

त्या रश्श्यात भात कालवत होत्या. हात थांबला नाही.

"डोंगरावरच्या झोपड्यांत राहायचो आम्ही. स्टोव्ह भडकला. आईनं मला काखोटीला मारून बाहेर आणलं नि धाकट्यासाठी मागं वळली. उंबऱ्याशी थांबली. जोडे काढले, पांढरे रबरी. नुसते काढले नाहीत गं, जुळवून ठेवले. हाताला सवयच तशी. मग आत गेली, आणि छप्पर खाली आलं."

"आणि धाकटा?"

ताईंनी मुळ्याची एक फोड उचलून माझ्या भातावर ठेवली. "जेव," म्हणाल्या.

मी ती फोड तोंडात टाकली.

दुपारभर ताईंनी ते दृश्य नव्यानं काढलं आणि मी रंग भरले. पडद्यावर लावलं तेव्हा त्या माझ्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या. आई धावत येते, उंबरा ओलांडते, बुटांनिशी आत शिरते, पोराला उचलते.

"परत लाव."

मी परत लावलं.

"परत."

किती वेळा लावलं कुणास ठाऊक. शेवटी ताईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"पोचते बघ," त्या म्हणाल्या. "न थांबता गेली, तर पोचते."

मला रडू फुटलं. त्यांचे डोळे कोरडे होते, आणि तेच मला जास्त लागलं.

निघताना दाराशी नेहमीची गर्दी झाली. तिथे सगळेच कचेरीतल्या सपाता ठेवून आपापले जोडे घालतात. ताईंनी सपाता कप्प्यात ठेवल्या, तिथले आपले बूट काढून फरशीवर ठेवले, जुळवून. घालायला म्हणून पायरीवर टेकल्या आणि त्या बुटांकडे बघत तशाच बसून राहिल्या.

वाट अडली होती. मागे याँग साहेब उभे होते, आम्ही सगळे उभे होतो. कुणीही घाई केली नाही.