मी, माझी अमेरिकन बहीण आणि एक रानडुक्कर

मी एक जुनी बंदूक आहे आणि उभं राहून राहून कंटाळले आहे. मित्रांनो, बंदुकीला बसता येत नाही. कपाटात एकदा टेकवली की टेकवली.

माझा जन्म बेल्जियममधल्या लिएजजवळच्या हेर्स्तालचा. एक गोळी सुटली की रिकामं काडतूस आपणच बाहेर फेकायचं आणि नवं आत ओढायचं, ही त्या काळी मोठी नवलाई होती. मूळ आराखडा एका अमेरिकन कारागिराचा. त्याच आराखड्यावर समुद्रापलीकडे माझी एक बहीण माझ्या चार वर्षं आधी जन्मली. तिचा दस्ता साधा, नळी गुळगुळीत, सगळं कामापुरतं. माझ्या नळीवर मात्र नेम धरायला उंच पट्टी आणि दस्त्यावर बारीक चौकड्यांची नक्षी. आतून दोघी सारख्याच, काडतूसही एकाच मापाचं. पण आत कोण बघतं?

मला विकत घेतलं आर्देनच्या जंगलातल्या देझिरेनं. तो बीच नावाच्या झाडाच्या लाकडाचे बूट कोरायचा. त्याचा धाकटा भाऊ ओदिलों काचेच्या कारखान्यात काम करायला पेन्सिल्व्हेनियाला गेला आणि बावीस वर्षांनी परत आला, तो माझ्या बहिणीला खांद्यावर टाकूनच. तेव्हापासून स्वयंपाकघरात रोज आमचा मुकाबला सुरू झाला.

"दादा, तुझी बंदूक म्हणजे नवरी आहे," ओदिलों म्हणायचा. "माझी बैल आहे. चिखलात पडली तरी चालते."

"बैलाला चर्चमध्ये कुणी नेत नाही," देझिरे म्हणायचा.

"तू जंगलात जातोस की चर्चमध्ये?"

"उद्या दोघांनीही नांगर घेऊन जा," देझिरेची बायको फेलिसी बटाटे सोलता सोलता म्हणायची. "निदान वावर तरी नांगरून होईल."

आम्ही दोघी भिंतीला टेकून ऐकत असू. कौतुकानं माणूसच काय, लोखंडही दमतं.

पुढे देझिरेची नजर मंदावली. आमच्याकडे हाकारे डुकरं उठवतात आणि बंदूकवाले रांगेत आपापल्या जागी उभे असतात. जागांच्या चिठ्ठ्या निघतात. शिकारीचा म्होरक्या ओनोरे एका नोव्हेंबरात सगळ्यांदेखत म्हणाला, "देझिरे, तीन वर्षं तू नुसती झाडं मारतोयस. आज हुकलास तर पुढच्या वर्षी तुझी चिठ्ठी नाही. काठी घे आणि हाकाऱ्यांत चल."

देझिरे हसला. पण त्याचा हात माझ्या दस्त्यावर होता आणि तो हात हसत नव्हता. एकोणतीस वर्षं त्या रांगेत उभा राहिलेला माणूस तो.

त्या दिवशी ओदिलोंची जागा शेजारचीच निघाली. डुक्कर आलं ते दोघांच्या मधून. देझिरेनं चाप ओढला. त्याच क्षणी माझ्या बहिणीचाही बार झाला. दोन आवाज एकात एक असे मिसळले, की ऐकणाऱ्याला वाटावं एकच, जरा लांबलेला. डुक्कर कोसळलं. माझी गोळी कुठे गेली ते मला ठाऊक होतं. ती डुकराला ओळखतसुद्धा नव्हती.

ओनोरे धावत आला. "कुणाचं?"

बहिणीनं बाहेर फेकलेलं रिकामं काडतूस ओदिलोंच्या बुटाशी पडलं होतं. त्यानं त्यावर बूट ठेवला. मग शांतपणे पाइप पेटवला. आमच्या सेम्वा नदीच्या खोऱ्यातला तो तंबाखू इतका उग्र, की त्यापुढे बारुदेचा वास म्हणजे अत्तर.

"दादाचं," तो म्हणाला. "माझी अडली. चाप हलेचना."

"बैल अडला?" ओनोरेनं विचारलं.

"अमेरिकन माल रे! दिसायला तेवढा धडधाकट."

मित्रांनो, बावीस वर्षं परदेशात सांभाळलेला अभिमान त्यानं एका वाक्यात खाली ठेवला.  माझ्या बहिणीची नळी अजून गरम होती.

आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे ओनोरेनं शिकार मारणाऱ्याचा मान म्हणून फर झाडाची डहाळी रक्ताला लावून देझिरेच्या टोपीत खोचली. घरी आल्यावर देझिरेनं ती माझ्या नळीला बांधली. मला ती माझ्याच वजनाइतकी जड वाटली.

वसंतात गावच्या जंगलातलं, डुक्कर पडलं होतं तिथलंच, एक बीचचं झाड देझिरेच्या वाट्याला आलं. त्याचं खोड कापून तो बूट कोरत होता, तेवढ्यात हत्यार खटकन अडलं. भोक ताजं, त्याच हिवाळ्यातलं होतं; लाकडातून त्यानं एक गोळी उकरून काढली आणि डोळ्यांजवळ धरून पाहिली. गावात त्या मापाच्या बंदुका दोनच. डुकरातून निघालेली एक गोळी फेलिसीनं मीठदाणीशेजारी ठेवली होतीच. ही दुसरी. आणि एक बंदूक तर म्हणे उडालीच नव्हती! मग हिशेब करायला नजर कशाला लागते?

त्यानं गोळी खिशात टाकली आणि पाइप तोंडात घातला. आर्देनमधली माणसं महत्त्वाचं बोलायचं झालं की तोंडात पाइप घालतात.

नोव्हेंबरात तो ओनोरेला म्हणाला, "माझी चिठ्ठी काढू नकोस. रांगेत ओदिलों आहेच. मी हाकाऱ्यांत. एका जागी उभं राहून पाय गारठतात."

"आणि त्याची अडली तर?" ओनोरे हसला.

"ती अडत नाही. हवं तर माझी टोपी पैजेला लावतो."

निघण्यापूर्वी त्यानं माझ्या नळीवरची वाळकी डहाळी सोडली आणि बहिणीच्या नळीला बांधली. ओदिलोंनं पाहिलं.

"दादा, हे काय?"

"बैलपोळा समज," असं काहीतरी त्याच्या भाषेत म्हणून देझिरेनं काठी उचलली.

आता दोघंही भाऊ गेले. फेलिसीचा भाचा वर्षातून एकदा कपाट उघडतो, मला तेल लावतो, पाहुण्यांना माझी नक्षी दाखवतो. बहिणीकडे बोट करून म्हणतो, "ती अडते." तिच्या अंगावर गंज चढला आहे. डहाळीचा नुसता दोरा उरलाय. त्याला माझं ऐकू येत नाही, म्हणून तुम्हाला सांगते आहे. मित्रांनो, कधी त्या घरी गेलात तर माझ्या नक्षीचं कौतुक नका करू. ते खूप झालं. फडक्यावर थोडं तेल घ्या आणि आधी तिला लावा.