कासऱ्याचं विमान

मी विमान चालवते असं टँकरच्या लायनीत बोलले, त्याच्यात माझी काय चूक न्हाई. पाण्याचा टँकर यायला लई येळ लागायचा. रिकाम्या घागरी घेऊन बसलेल्या बायांचं मन कुणी रमवायचं? त्या सालचा दुष्काळ असा की लातूरला पाणी रेल्वेनं येत होतं, अन् आमच्या अहमदपुरात लोक नव्या जिल्ह्याच्या गप्पा मारून राहिले होते.

मी म्हनले, "होऊ द्या उदगीर जिल्हा. नव्या कलेक्टरला वरून जिल्हा दाखवायला मलाच बोलावणारेत. मागं उडवलं तवा एक घार पंखावर बसून नांदेडपस्तोर आली. तिकीट काय काढलं न्हाई मेलीनं."

सगळ्या हसल्या. तुळजाबाई हसली न्हाई. ती आमची शेजारीण, माझ्याच वयाची.

"पार्वते, ऐतवारी आमच्यासमोर उडवून उतरव. न्हाई जमलं तर पाऊस पडेस्तोवर या लायनीत तोंड उघडायचं न्हाई. शर्त."

"हाव, शर्त," मी म्हनून बसले. मला जेवायला न्हाई भेटलं तर चालतंय, पण गप बसायचं म्हनजे मरणच की.

तसं पुरं खोटं नव्हतं. माझी नात शिवगंगा लातूरला शिकती. होस्टेलात पाणी न्हाई म्हनून पोरींना घरी धाडलेलं. तिच्या कॉम्प्युटरवर विमान उडवायचा खेळ होता, पार खऱ्यासारखा.

"शिवे, मला शिकव."

तिनं कीबोर्ड पुढं सरकवला. एवढाली बटनं! चाकं खाली घ्यायला गेले तर दिवे लागले, मनगट टेकलं तर इंजनच बंद. मंग तिनं कामाची तेवढी बटनं ठेवली, बाकीची बंद करून टाकली, अन् चालू बटनांवर तिच्या आईच्या टिकल्या चिकटवल्या. लाल चाकाची, हिरवी दिव्याची.

"आज्जे, वळवायचं कशानं? तुला काय जमतंय?"

"मला बैलगाडी जमती."

पोरगी हसली, पण कामाला लागली. मोडक्या रेडिओची आवाज कमीजास्त करायची गोल बटनं काढली, तारा जोडल्या अन् त्यांना बैलांच्या कासऱ्याची टोकं बांधली. डावा कासरा वढला की विमान डावीकडं, उजवा वढला की उजवीकडं, दोन्ही वढले की नाक वर. इंजनाचा जोर शिलाई मशीनच्या पायडलवर.

उडालं झकास. घोटाळा उतरताना. चाक जमिनीला लागलं की मी दोन्ही कासरे वढून, "हो, हो, हो!" थांबायच्या जागी विमान टणकन वर, अन् तिथनं डोक्यावर खाली.

"आज्जे, ते बैल न्हाई. वढलं की वर जातंय."

"मंग त्याला समजाव. माझे हात आता बदलत न्हाईत."

शेवटी विमानच बदललं. दोन्ही कासरे वढले की इंजन हळू अन् ब्रेक, सैल सोडले की जोर. नाक पायडलवर दिलं, टाच दाबली की वर, चवडा दाबला की खाली. मंग मी लातूरला असं उतरवलं की मांडीवरची कपबशी हलली न्हाई.

ऐतवारी टँकर आलाच न्हाई. बाया घागरीसकट आमच्या घरी. तुळजाबाईनं स्टूल थेट पडद्यासमोर वढलं. तिच्या मागं गंगम्मा, देगलूरकडची, लई भित्री.

"उडालं की गं माय!" गंगम्मा म्हनली.

खाली लातूर दिसलं. जिकडं तिकडं हिरवं. शिवगंगा म्हनली, खेळातले जमिनीचे फोटो कवातरी पावसाळ्यात काढलेले.

"हे आपलं न्हाई," तुळजाबाई म्हनली. मंग हळूच म्हनली, "धरण दाखव."

धरण काठोकाठ भरलेलं.

"काय करलालीस वर? खाली घे की. अजून घे," तुळजाबाई म्हनली.

मला शर्त जिंकायची होती. परत फिरून धावपट्टीवर टेकवलं की झालं. पण तुळजाबाई त्या पाण्याकडं अशी बघून राहिली होती की माझा चवडा आपोआप दबला. पाणी जवळ आलं. लईच जवळ आलं.

"वर घे! वर घे!" गंगम्मा वरडली.

भ्यायल्यावर गाडी हाकलेल्या बाईचे हात काय करतेत? वढले दोन्ही कासरे. इंजन गपकन हळू झालं, अन् विमान म्हशीसारखं पाण्यात बसलं.

"तूच म्हनलीस, वढलं की थांबलं पायजे," शिवगंगा म्हनली.

"उतरवलं का न्हाई मी?" मी तुळजाबाईला विचारलं.

"बुडवलंस. उद्यापासून गप."

मी शब्दाची पक्की हाय. दुसऱ्या दिवशी लायनीत पदर तोंडाला लावून बसले. आदल्या दिवशी न आलेल्या बाया विचारायल्या, "विमानाचं काय झालं?" माझ्या जिभेला मुंग्या आल्या. तवर तुळजाबाईच सुरू झाली.

"अगं, धरणावर एवढं खाली गेलो, शिंतोडे माझ्या चष्म्यावर!"

बाया सरकून जवळ आल्या. तुळजाबाईला चव लागली.

"एक मासा उडाला की. बैलाएवढा! थेट पंखावर!" अन् अडकली. पुढचं सुचंना. माझ्याकडं बघायली. मला तो मासा लख्ख दिसत होता, शेपटीनं विमान वळवताना. मी आभाळाकडं बोट केलं; शर्त पाऊस पडेस्तोवर, अन् ढगाचं नाव नव्हतं.

"मंग?" एकीनं विचारलं.

"मंग काय, भाजून खाल्ला."

"हाव, मी पण खाल्ला," गंगम्मा म्हनली.

एवढा मोठा मासा, अन् नुसता भाजून खाल्ला! मी पदर चावत बसले.