कोरे बुडखे

“जंगलातली अशी एक गोष्ट दाखव, जिला मी शब्द दिलेला नाही,” असं साहेब मेहुण्याला म्हणाले आणि ऐटीत एका ताज्या ओंडक्यावर बसले. उठले तेव्हा पॅन्टचा मागचा भाग ओंडक्यालाच चिकटून राहिला. चिकाला त्यांनी शब्द दिला होता, फक्त चीक कधी पाहिला नव्हता.

साहेब म्हणजे वन-परिभाषा समितीचे अध्यक्ष. अर्धं आयुष्य एका पंख्याखाली बसून त्यांनी वनशास्त्राचा कोश रचला. दाटीतली काही झाडं काढून उरलेल्यांना वाढायला जागा करून द्यायची, याला कामगार ‘विरळणी’ म्हणायचे. साहेबांना ते फारच सोपं वाटलं. त्यांनी त्याचं ‘वृक्षसंख्यानियमनछेदन’ केलं, आणि तो शब्द एका दमात म्हणता यावा म्हणून समितीच्या बैठकांमागून बैठका झाल्या. समितीत दुसरा सदस्य मेहुणा. दाजींच्या प्रत्येक शब्दाला ‘वा’ म्हणणं, एवढंच त्याचं काम.

आता साहेबांची निवृत्ती दाराशी आली होती. मुदतवाढ मिळाली तर बंगला, गाडी, अध्यक्षपण सगळं राहणार. नाहीतर सासूबाईंच्या घरची माळ्यावरची खोली. बायकोनं बजावलंच होतं, की माझ्या आईसमोर तुमचे शब्द चालायचे नाहीत. वरिष्ठांनी अट घातली: कोश कामाचा आहे हे रानात दाखवा, एका तुकड्याची विरळणी स्वतः करून घ्या, दुपारी मी बघायला येतो.

तोडायच्या झाडावर शिक्क्याच्या हातोड्यानं दोन खुणा करायच्या असतात. एक छातीच्या उंचीवर, तोडणाऱ्याला दिसावी म्हणून. दुसरी पार बुडाशी. झाड गेलं तरी ती बुडख्यावर राहते, म्हणजे तोड परवानगीनं झाली हे कळतं. हे साहेबांच्याच कोशात छापलेलं. पण साहेब आणि जमीन यांच्यामध्ये साहेबांचं पोट होतं. त्यांनी वरच्या खुणा ठोकल्या आणि खालच्या मेहुण्याला सांगितल्या. मेहुण्यानं आपल्या पॅन्टची इस्त्री पाहिली आणि मुकादमाला सांगितल्या. मुकादमानं त्या कुणालाच सांगितल्या नाहीत. वाकायची सवय त्याला होती, पण फक्त साहेबांसमोर.

करवती चालल्या. झाडं पडली, ओंडके ट्रकवर चढले आणि वरच्या खुणा ओंडक्यांबरोबर गेल्या. मागे बुडखे उरले, सगळे कोरे करकरीत.

साहेब भाषणाची तालीम करत तिथवर आले आणि त्यांचं तोंड मिटलं. याचीही व्याख्या त्यांनी केली होती आणि ती तोंडपाठ होती: बिनखुणेचा बुडखा म्हणजे चोरटी तोड.

“दाजी, आत्ता ठोकू या की,” मेहुणा म्हणाला. “कोण बघतंय?”

“मग ठोक.”

“माझी पाठ धरलीय दाजी. सकाळपासून.”

शेवटी साहेब वाकले. दोन-चार बुडखे उरकले आणि कमरेत कट्‌कन काहीतरी झालं. साहेब तसेच राहिले, गुडघ्यांवर, हातात हातोडा, फाटक्या पॅन्टची बाजू रस्त्याकडे. वरिष्ठांची गाडी त्याच रस्त्यानं आली.

वरिष्ठांनी गाडीतून उतरून साहेबांभोवती एक फेरी मारली. मग मेहुण्याला विचारलं, हे काय चाललंय.

इतकी वर्षं ‘वा’पलीकडे न गेलेला मेहुणा म्हणाला, “झाड तोडून झाल्यावर खूण करताहेत, साहेब. मी नको नको म्हणत होतो.”

“याला तुमच्या कोशात काय म्हणतात?”

“बनावट खूण,” मेहुणा म्हणाला. “गुन्हा आहे. पान काढून देऊ का?”

मुदतवाढीचा विषय तिथेच बुडख्यांमध्ये मिटला. माल चोरीचा ठरला, अध्यक्षपद मेहुण्याला गेलं आणि अध्यक्षपदाबरोबर बंगलाही. बायकोला फोनवर कळवलं तेव्हा तिला फार वाईट वाटलं नाही. भाऊच राहायला येतोय म्हटल्यावर तिला हलायची गरज नव्हती. तुमची बॅग तेवढी आईकडे पाठवते, म्हणाली.

साहेब काही सरळ होईनात, त्यामुळे गाडीत मावेनात. मुकादमानं त्यांना उचलून ट्रकमध्ये ओंडक्यांवर आडवं ठेवलं. वनखात्याच्या नाक्यावर ट्रक मालासकट जप्त होऊन आवारात गेला. नाकेदारानं फाटकाला कुलूप लावलं आणि किल्ली घेऊन तो घरी जेवायला गेला.