आधी वायरी

मी ईसीजीचं मशीन बोलतोय. आडबाजूच्या एका दवाखान्यात, खिडकीखालच्या टेबलावर असतो. काळीज चालतं तसं कागदावर काढायचं, पदरचं काही घालायचं नाही, एवढंच मला येतं.

इथल्या सिस्टर मायाळू. चढ चढून आलेल्या पेशंटला त्या आधी बाकावर बसवतात, गार पाणी देतात. "धाप जाऊ दे, मग वायरी लावू." डॉक्टरांनाही ते पटलेलं.

शिवणकाम करणारी एक बाई यायची. "छातीत एकदम धडधडायला लागतं हो," म्हणायची. बाकावर टेकायची, पाणी प्यायची, मग मला लावायचे. तोवर काळीज शहाण्यासारखं चालत असायचं.

"नॉर्मल आहे. ताण घेऊ नका," डॉक्टर म्हणायचे.

"बघ, मशीनसुद्धा तेच सांगतंय," नवरा म्हणायचा. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मी खरंच काढलं होतं आणि खोटी मात्र ती ठरत होती. घरात तिचं नाव 'नाटकी' पडलं. ती यायचीच बंद झाली.

मग एका सकाळी नवऱ्यानंच तिला धरून आणलं. ओठ पांढरेफटक, कपाळावर घाम. बाकापर्यंतही पोचली नाही, दारातच बसली. तिला उचलून थेट तपासायच्या टेबलावर घेतलं, मला लावलं. मिनिटाला दोनशेच्या वर ठोके! डॉक्टरांचा चेहरा उतरला.

"या सिरिंजच्या नळीत फुंका, जोरात! त्यानं ठोके ताळ्यावर येतात," ते म्हणाले. मग तिला आडवं करून पाय वर धरले. काही फरक नाही. तिनं पुन्हा फुंकलं. माझी रेघ क्षणभर सपाट झाली. मी घाबरलो. मग ठोके एकेक करून, सावकाश आले.

बाई रडायला लागली. "म्हणजे मी नाटक करत नव्हते ना?"

नवरा खाली बघत होता. "कधीकधी ही धडधड गार पाण्यानंही थांबते," डॉक्टर हळूच म्हणाले. "तपासायच्या आधी आपणच ती थांबवत होतो आणि वर तुम्हाला खोटं पाडत होतो." सिस्टरनं डोळ्यांना पदर लावला.

मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी दिलीय, पण तिथला नंबर अजून लागलेला नाही. माझीही बटणं आता झिजलीत. धडधडतंय म्हणून कुणी आलं, तर मला थांबवून ठेवू नका, एवढंच मागणं आहे.

परवा ती पुन्हा आली, छातीवर हात दाबून. सिस्टरनं सवयीनं पेला पुढे केला. तिनं तो घेतला नाही.

"आधी वायरी," नवरा म्हणाला, आणि तिच्या मनगटावरच्या बांगड्या त्यानंच वर सारल्या.