तोंड धुतलं का तिचं?

मित्रांनो, मी एक जुनी वेज आहे. वेज म्हणजे गोल्फच्या पिशवीतली बुटकी काठी. माझं पोलादी तोंड आभाळाकडे कललेलं आणि त्यावर अकरा बारीक खाचा. हिरवळीच्या कडेवरून चेंडू अलगद उचलायचा, चार पावलं उडवायचा आणि पुढे झेंड्याकडे घरंगळू द्यायचा, याला चिप म्हणतात. तेच माझं काम.

पहिल्या मालकाला माझा वर्षभरात कंटाळा आला. त्याने मला आपली पिशवी वाहणाऱ्याला देऊन टाकलं. त्यांना मी बाबा म्हणते, कारण त्यांची मुलगी तसं म्हणायची. मला तोलायला ती सातव्या वर्षी शिकली. खाचांत माती असली की चेंडूला पकड मिळत नाही आणि तो टेकल्यावर थांबत नाही, म्हणून बाबा प्रत्येक फटक्याआधी त्या कोरून साफ करायचे, आणि मुलीच्या हाती मी असले की विचारायचे, "तोंड धुतलं का तिचं?" लोक चिडवायचे, "हिला काय लग्नाला न्यायचीय?"

पुढे बाबांची नजर गेली. मुलगी त्याच मैदानावर गवत कापू लागली आणि मी शेडच्या दाराला अडसर म्हणून लागले. कधी ती माझ्या तोंडाने यंत्राच्या पात्यांचा चिखल खरवडायची. मला राग आला नाही, असं म्हटलं तर ते खोटं होईल.

एके दिवशी मुलांना चिप शिकवायला माणूस हवा होता. तिने अर्ज केला. क्लबचे सचिव म्हणाले, "दोन चेंडू देतो. एक तरी भोकापासून काठीभर अंतरात थांबवा. नाहीतर परत यंत्रावर."

तिने मला दारातून ओढून काढलं. फटका अगदी बरोबर बसला. पण चेंडू हिरवळीवर टेकला आणि थांबेचना, भोकाला वळसा घालून पार पलीकडे गेला.

बाकावरून बाबा म्हणाले, "बद्द वाजली. तोंड धुतलं का तिचं?"

मुलीचा चेहरा उतरला. तिने अंबाड्यातली पिन काढली आणि तिथेच खाली बसून माझ्या खाचा कोरू लागली. सचिव घड्याळ बघत होते. "आटपा, बाई."

"नऊ झाल्या. दोन राहिल्यात," ती म्हणाली.

मला धडकी भरली होती. खाचा साफ झाल्या, पण त्या झिजलेल्या. चेंडू धरता आला नाही तर हिचा जन्म यंत्रामागे जाणार, आणि दोष माझा. तिने पिन परत अंबाड्यात खोचली. मग माझी मूठ धरली.

टक्. चेंडू उडाला, दोनदा उसळला, अडखळला, रांगत रांगत थांबला. मापायला सचिवांनी भोकापासून मलाच आडवं ठेवलं. चेंडू माझ्या मुठीच्या दोन बोटं आत होता. बाबांना कोणी काही सांगितलं नव्हतं, तरी ते आवाजावरूनच हसत होते.

मित्रांनो, ज्याच्या भरवशावर तुम्ही उभे राहणार, त्याच्याकडे आदल्या दिवशीच बघत जा. ऐन वेळी प्रत्येकाला पिन सापडतेच असं नाही.

पहिल्या तासाला बारा मुलं चेंडू मारायला उतावीळ झाली होती. तिने चेंडू दिलेच नाहीत, एकेक पिन दिली. बाकावरून नेहमीचा प्रश्न आला.

"धुतलं, बाबा," ती म्हणाली. "आणि शेडच्या दाराला आता दगड लावलाय."