घुगऱ्यांचा डबा

आमचे अप्पा जाऊन वर्ष झालं होतं, पण ते घरी परत यायचे होते. आमच्यात तसंच असतं. बाप गेला की त्याचं नाव पहिल्या नातवाची वाट बघत बसतं. अप्पांचं नाव धोंडप्पा. हे नाव मला घेता येतं, माझ्या बायकोला येत नाही. सासऱ्याचं नाव सुनेनं घ्यायचं नसतं. मल्लेश्वरी यात इतकी पक्की की धोंड्याच्या महिन्याला ती ‘जास्तीचा महिना’ म्हणते.

खरं तर हे नाव अण्णाच्या पोराला जायचं होतं. अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ संगमेश्वर. त्याची बायको आधी पोटुशी राहिली होती, आमचा नंबर मागे होता. पण आमचं पोरगं सातव्या महिन्यातच रांग मोडून बाहेर आलं. मुडबीत आमचं किराणा दुकान आहे. दुकानातली सगळ्यात लहान गुळाची ढेप त्याच्यापेक्षा जड भरली असती.

कलबुर्गीच्या दवाखान्यात त्याला अतिदक्षता विभागात काचेच्या पेटीत ठेवलं. नाकात नळी, तोंडात नळी, पायाला पट्टी आणि पट्टीवर ‘बेबी ऑफ मल्लेश्वरी’. पहिल्याच दिवशी अण्णा पेढे घेऊन आला. “वीरेश, तुझ्या पोरानं मारली बाजी,” म्हणाला. “अप्पांचं नाव त्याचंच.” अव्वानं, म्हणजे आमच्या आईनं सांगितलं, आधी घरी आणा, पाळण्यात घालू, मग नाव. पुढच्या आठवड्यात अण्णालाही मुलगा झाला. गुबगुबीत, आणि अगदी वेळेवर.

दूध द्यायच्या वेळी मल्लेश्वरी कोपरापर्यंत हात धुवून आत जायची आणि पेटीच्या गोल खिडकीतून एक बोट आत घालायची. ते बोट धरून आमचं पोरगं श्वास घ्यायचं. मध्येच विसरायचं. विसरलं की यंत्र कोकलायचं, सिस्टर येऊन तळपायाला टिचकी मारायची, मग त्याला आठवायचं. विसरभोळेपणा माझ्याकडून गेला असणार. सिस्टर म्हणायची, नावानं हाक मारा, आईचा आवाज कळतो त्यांना. नाव तर घेता येत नव्हतं. म्हणून मल्लेश्वरी वाकून म्हणायची, “मालक, श्वास घ्या.” ओंजळीएवढ्या पोराला अहो-जाहो. सिस्टरला वाटलं त्याचं नावच मालक आहे. तीही कानडीतून ‘मालक, मालक’ करायला लागली.

मग एका दुपारी अण्णा डबा घेऊन आला. वर भाकरी, मधल्या खणात शेंगांची चटणी, खालच्या खणात हरभऱ्याच्या घुगऱ्या, खोबरं पेरलेल्या. मी मूठभर खाल्ल्या आणि मग चावायचा थांबलो. आमच्याकडे घुगऱ्या उगीच शिजत नाहीत. पोर पाळण्यात घातलं की शिजतात. डबा अव्वानं भरला होता. सवयीप्रमाणे, सगळ्यांना वाटायच्या म्हणून आम्हालाही.

“बारसं झालं व्हय?” मी विचारलं.

अण्णानं बुटाकडं बघितलं. बूट नवे होते. मी म्हणालो, चांगलं झालं, नाव काय ठेवलं? समोरच्या भिंतीवर ‘शांतता राखा’ अशी पाटी होती. अण्णा ती वाचून शांतता राखू लागला.

मी अव्वाला फोन लावला. ती आधी जेवलास का म्हणाली, मग पाहुणे किती आले ते म्हणाली. मी पुन्हा नावच विचारलं, तेव्हा तिचा आवाज खाली आला.

“नाव वाया जाऊ देऊ नये, बाळा. तुझं लेकरू राहिलं न्हाई तर तुझे अप्पा दुसऱ्यांदा मरतेत. मला एकदाच पुरं झालं.”

“आन् राहिलं तर?”

“दुसरं ठेवू की. नावाला काय तोटा हाय.”

तिच्या मागून कुणीतरी हसत ओरडलं, धोंडप्पा रडायलाय, घ्या त्याला. अव्वानं फोन ठेवला. आजोबा रडायला लागल्यावर थांबता येत नाही.

वळलो तर मल्लेश्वरी मागेच उभी होती. फोन स्पीकरवर होता. तिनं माझ्या हातातला डबा घेतला, उभ्यानंच मूठभर घुगऱ्या खाल्ल्या, झाकण लावलं आणि डबा अण्णाच्या हातात दिला.

“भावजी, मीठ कमी हाय,” म्हणाली आणि हात धुवायला गेली.

ती पेटीपाशी पोचेपर्यंत यंत्र कोकलायला लागलं. सिस्टर धावली, पण मल्लेश्वरीचं बोट आधीच आत गेलं होतं. ती पेटीवर वाकली. काचेच्या दाराच्या अलीकडे आम्हाला सगळं ऐकू आलं.

“धोंडप्पा. श्वास घे.”

भिंतीला टेकलेला अण्णा ताठ उभा राहिला आणि हातातली तंबाखूची पुडी खिशात कोंबली. अप्पांपासून तंबाखू लपवायची त्याची सवय अप्पा गेल्यावर वर्षभरानंही सुटली नव्हती. तो इकडं-तिकडं बघू लागला.

यंत्र जरा वेळ कोकलत राहिलं, मग गप्प झालं. सिस्टरनं कानडीतून विचारलं, नाव बदललं का? मल्लेश्वरी म्हणाली, नाही, आधीपासून हेच आहे. आणि सिस्टरला नीट कळावं म्हणून तिनं ते पुन्हा सावकाश घेतलं.

अण्णा माझ्याजवळ सरकला. “वीरेश,” तो हळू म्हणाला, “एका घरात दोन धोंडप्पा कसं चालतील?”

“एकाच घरात कामून राहतील?” मी म्हणालो.

अण्णा डबा या हातातून त्या हातात घेत राहिला. उरलेल्या घुगऱ्या काढून घेऊन डबा रिकामा करून देतो असं मी म्हणालो नाही, आणि त्यानंही विचारलं नाही.