तीन सुताची गोळी

ही २०१८ सालच्या सप्टेंबरातली गोष्ट. संजीवनीबाई तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांच्या होत्या आणि सांगलीहून तीन महिन्यांसाठी मुलाकडे, शैलेंद्रकडे, सिंगापूरच्या क्वीन्सटाउन भागात आल्या होत्या. सून चैत्राली ही कोह नावाच्या एका वृद्ध गृहस्थांच्या खासगी संग्रहात प्रदर्शन मांडण्याचं काम करी. तिचं कंत्राट महिनाअखेर संपत होतं. नवं द्यायचं की नाही, हे कोह या वेळचं प्रदर्शन बघून ठरवणार होते.

एका संध्याकाळी तिने जेवणाच्या टेबलावर फोटो पसरले. जुनी रिव्हॉल्व्हर आणि शेजारी तीन तऱ्हेच्या शिशाच्या निमुळत्या गोळ्या.

"टोपीची रिव्हॉल्व्हर," संजीवनीबाई चष्मा लावत म्हणाल्या. "हिला काडतूस नसतं. चक्राच्या घरात पुढून काळी दारू भरायची, वर गोळी ठेवून नळीखालच्या दांड्याने दाबायची, मागे ठिणगी पाडणारी टोपी चढवायची."

"आई, हे विमानतळावर बोलू नकोस हं," शैलेंद्र घास गिळत म्हणाला.

संजीवनीबाईंचे वडील यादवराव, म्हणजे नाना, सांगलीत बंदुका दुरुस्त करत. खंडेनवमीच्या आधी महिनाभर दुकानात जुन्या हत्यारांची रीघ लागे. पूजेला ठेवायची तर साफ तरी हवीत. एक निवृत्त सुभेदार मात्र दसऱ्याला आपली रिव्हॉल्व्हर खरोखर उडवत, आणि त्यांच्यासाठी नाना गोळ्या ओतत. दहा वर्षांच्या संजीवनीकडे त्या पोळपाटावर गडगडवून बघायचं काम असे. चांगली गोळी सुरेख वळण घेऊन जाई, आत पोकळी राहिलेली लंगडत जाई. शिसं लागलेला तो पोळपाट आईने पुन्हा स्वयंपाकघरात घेतला नाही.

"यातली कुठली मांडणार?" त्यांनी विचारलं.

चैत्रालीने लांब, सडपातळ गोळीवर बोट ठेवलं. "ही. रिव्हॉल्व्हर छत्तीसची, म्हणजे नळी इंचाचे छत्तीस शतांश. आणि ही गोळी बरोब्बर तेवढीच आहे. कोहसाहेबांनीच निवडलीय."

"ही बसायची नाही. गोळी नळीच्या मापाने नाही, घराच्या मापाने घ्यायची. तीसुद्धा केसभर मोठी. दाबताना शिशाची बारीक कडी कापली जाऊन खाली पडली पाहिजे, तर ती घट्ट बसली. सैल गोळी शेजारच्या घरातला बार उडाला की पुढे सरकते. नाना म्हणायचे, छत्तीसला तीन सूत."

"सूत म्हणजे व्हॉट, आजी?" तेरा वर्षांच्या आर्याने सोफ्यावरून विचारलं.

"इंचाचा आठवा भाग."

"सो पॉइंट थ्री सेव्हन फाइव्ह लाह."

"मग ही आखूड, बोथट बघ," संजीवनीबाई सुनेला म्हणाल्या. " हिचं बूड जरा बारीक आहे. तेवढं घरात सरळ उतरतं आणि दाबेपर्यंत गोळी उभी राहते. तिसरी जाडी आहे ती मोठ्या रिव्हॉल्व्हरची."

चैत्रालीने फोटो गोळा केले. "आई, पाट्या छापून झाल्यात. परवा उद्घाटन. मालकाची चूक काढायची आणि वर कंत्राट मागायचं?"

संजीवनीबाई आठवू लागल्या. चौसष्ट वर्षांपूर्वीची गोष्ट. तीनच सूत होतं ना? त्यांच्या शब्दावर पोरीची नोकरी जायची. मग त्यांना साचा आठवला. एकसारखे दिसणारे दोन साचे होते, म्हणून सुभेदारांच्या साच्याच्या मुठीवर नानांनी कानशीने, सुताला एक अशा, खुणेच्या रेघा मारल्या होत्या.

"तीनच होत्या," त्या म्हणाल्या. "माझा अंगठा त्यांवर यायचा."

चैत्रालीने फोटो त्यांच्या हातात दिले. "मग उद्या तुम्हीच चला."

दुसऱ्या दिवशी संग्रहात कोह भेटले. ऐंशीचे होते, पांढऱ्या हातमोज्यांतले. "आँटीला बंदुकीतलं पण कळतं, आह?"

"त्यांना म्हणावं, गोळी त्यांनीच घालून बघावी," संजीवनीबाई सुनेला म्हणाल्या.

रिव्हॉल्व्हर कायमची निकामी केलेली होती, तरी चक्राची घरं पुढून उघडी होती. कोहांनी आपली लांब गोळी एका घरात सोडली. ती तळाशी गेली. चक्र तिरकं करताच घरंगळून मखमलीवर पडली. मग त्यांनी आखूड गोळी घेतली. तिचं बूड आत शिरलं आणि गोळी तोंडाशी अडून उभी राहिली. त्यांनी अंगठ्याने दाबून पाहिलं. हलेना. त्यांनी उरलेल्या पाचही घरांत तसंच करून पाहिलं. चैत्राली पदार्थ करपत असल्यासारखी उभी होती.

"तीस वर्षं मी पाहुण्यांना ती लांब गोळी दाखवतोय," शेवटी ते म्हणाले. "एकानेही घालून बघ म्हटलं नाही. मीही बघितली नाही." मग चैत्रालीकडे वळून, "पाटी बदल."

कंत्राटाबद्दल त्या दिवशी ते काही बोलले नाहीत. उद्घाटनानंतर आठवड्याने पत्र आलं. दोन वर्षांच्या कंत्राटाचं.

कोह २०२१ मध्ये गेले. त्यांच्या मुलांनी संग्रह परदेशातल्या एका संस्थेला दिला. त्याची यादी चैत्रालीने केली आणि आता ती अशाच याद्या करायचं काम घरून करते. शैलेंद्रने तिथेच चोआ चू कांग भागात फ्लॅट घेतला. आर्या पॉलिटेक्निकला आहे आणि आजीला फोनवर अजून सुतात मापं सांगायला लावते. संजीवनीबाई सांगलीतच असतात. दोन्ही साचे कधीच मोडीत गेले. पोळपाट आहे, पण त्याच्यावर त्या कुंडी ठेवतात.